वाहत्या पाण्याचा वास

"इस्त्री कडक आहे, नीळही बरोबर पडलीय," सिस्टर दारातच म्हणाल्या. "पण वास जात नाही, बाबा. परवा एका पेशंटनं तोंड फिरवलं."

म्हाताऱ्या धोब्यानं गणवेश परत घेतला. "साबण बदललाय, त्याचा असेल," तो म्हणाला आणि मान खाली घालून जिना उतरला.

घरी सुनेनं ऐकून घेतलं. मुलगा गेल्यापासून धंदा हे दोघंच ओढत होते.

"मामंजी, साबणाला कशाला बोल लावता? नदीच नासलीय. माझ्या पायाच्या बोटांच्या बेचक्या बघा, कुजल्यात नुसत्या."

"माझ्या आजानं याच पाण्यात धुतलं. वाहत्या पाण्याला दोष नसतो, पोरी."

"मग चला, दाखवते."

नदीकाठानं वळणापलीकडे तो कित्येक वर्षांत गेला नव्हता; गिऱ्हाइकांकडे जायचा तो रस्त्यानं. काम धुण्याच्या दगडावर, घर दगडामागे, जायचं कशाला? पलीकडे काठावर नव्या इमारती दाटीनं उभ्या होत्या. त्यांच्या पायथ्यातून निघालेला जाड पाइप थेट नदीत काळं पाणी ओतत होता. म्हाताऱ्यानं नाकाला पंचा लावला, वर पाहिलं आणि जिन्याच्या जाळ्या ओळखल्या.

"ही तर सिस्टरांची बिल्डिंग."

"आधी बिल्डिंग, गटार नंतर टाकणार होते म्हणे. वरातीमागून घोडं," सून म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मशीनवर बायका घेतायत. मी विचारून आलेय."

म्हातारा घराकडे वळला. घरी आल्यावर त्यानं पिण्याचा हंडा बादलीत रिकामा केला आणि त्या पाण्यात गणवेश धुतला. सून बघत राहिली. संध्याकाळी ती मुकाट्यानं पुन्हा नळावर गेली.

सिस्टरांनी गणवेश हुंगला. "आता कसा छान झाला."

"हा शेवटचा, बाई. आम्ही धुणं बंद केलं."

"माझ्या बोलण्याचा राग आला का?"

"राग कसला? तुमच्या मोरीचं, संडासाचं पाणी खाली आमच्या दगडावर येतं. तुमचेच कपडे मी त्यातच बुचकळून तुम्हाला आणून देत होतो. कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं."

सिस्टर गणवेश छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. "मला खरंच माहीत नव्हतं, बाबा."

"मला तरी कुठं होतं?"

"मी सोसायटीत बोलते."

"बोला. बोलायलाच हवं." पैसे न घेता तो वळला.

उरलेली बोचकी त्यानं एकेका घरी स्वतः नेऊन दिली. लोक विचारत, तो सांगे, "नदी आता धुण्याजोगी राहिली नाही." एवढंच. सांगताना आवाज मात्र दर घरी थोडा बसत गेला.

सून कामावर गेली त्या सकाळी सवयीनं तो नदीवर आला. दगड कोरडा पडला होता. वाडवडिलांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या त्या दगडावर आयुष्यात पहिल्यांदाच तो पायात चपला घालून उभा राहिला.