गेनबांची दोन यकृतं

सारजाला पोट फार आवडायचं. मेडिकल कॉलेजातलं पहिलं वर्ष हातापायांच्या शिरा पाठ करण्यात गेलं होतं. दुसऱ्या वर्षी एकदाचं पोट उघडलं आणि चाकणच्या गेनबांची ही लेक हरखूनच गेली. केवढा तो संसार, आणि सगळा कसा घड्या घालून जागच्या जागी ठेवलेला!

एकदा लेक्चरात सोनवलकर सरांनी विचारलं, "वीस-बावीस फूट लांबीचं आतडं. ते ज्या पडद्यानं पाठीच्या भिंतीला टांगलंय, त्याचं मूळ मात्र जेमतेम वीतभर. हे कसं काय जमतं? सांगा."

ऐंशी मुलगे आणि सहा मुली वह्यांत डोकं घालून बसल्या. सारजा ताडकन उभी राहिली.

"नऊवारीच्या निऱ्या, सर! कमरेशी मूठभर खोचलेल्या, खाली घेर केवढाही."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "माझ्या व्याख्येपेक्षा हे बरं आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या सगळ्यांनी."

त्या दिवशी सारजाचे पाय काही जमिनीला लागले नाहीत.

आणि हीच सारजा पोटाच्या तोंडी परीक्षेत सपशेल आपटली.

चूक एकच होती, पण ती पुन्हा पुन्हा व्हायची. डावं-उजवं! विच्छेदनाच्या टेबलाभोवती मुलगे आधीच कोंडाळं करून उभे राहायचे. टेबलावर देह एका म्हाताऱ्या माणसाचा होता. कुणाचे कोण ते ठाऊक नव्हतं, पण मुली त्यांना आजोबा म्हणत आणि सुरी हातात घेण्याआधी मनातल्या मनात नमस्कार करत. सारजाला जागा मिळायची ती आजोबांच्या पायाशी. आता लहानपणापासून बैलगाडी हाकलेली पोर ती. बैलांच्या मागं बसायचं, आपल्या उजव्या हाताला दिसतो तो उजवा बैल, डाव्या हाताला तो डावा, हे तिच्या हाडात भिनलेलं. पण आजोबा होते उताणे. तिच्या उजव्या हाताला यायची ती त्यांची डावी बाजू. परिणामी सारजानं परीक्षेत यकृत डावीकडे नेलं, प्लीहा उजवीकडे आणली आणि अपेंडिक्सला उगाच गावभर हिंडवलं.

"सोमवारी पुन्हा या," सर म्हणाले. "पोट आणि ओटीपोट, दोन्ही विचारीन. तेव्हाही असंच झालं, तर तुमची टर्म गेली म्हणून समजा."

टर्म गेली म्हणजे सगळंच गेलं. कारण गेनबांनी आपल्या थोरल्या बहिणीला, कुशाबाईला, शब्द दिला होता. पोरगी शिकतीय तोवर शिकू दे, एक जरी टर्म हुकली तर मंचरचं स्थळ बघायला बोलवायचं. कुशाआत्यानं पाहुण्यांसाठी कपबश्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. नव्या, गुलाबी फुलांच्या.

शुक्रवारी दुपारच्या एस.टी.नं सारजा घरी आली. गेनबा ओसरीवर उघड्या अंगानं झोपले होते. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. दुसऱ्या दिवशी चाकणचा बाजार, म्हणून कोपऱ्यात कांद्याची पोती शिवून ठेवलेली, आणि शेजारीच पोत्यांवर मार्का मारायच्या शाईचा डबा आणि कुंचला.

सारजानं एकदा पोटाकडे बघितलं, एकदा डब्याकडे.

ती गेनबांच्या पायाशी बसली आणि कामाला लागली. आधी ऐसपैस यकृत. पलीकडे प्लीहा. खाली अपेंडिक्सचं शेपूट. बेंबीखाली मधोमध मूत्राशय. एवढं एकच बरोबर निघालं, कारण त्याला डावं-उजवं नाही. शेवटच्या फटकाऱ्याला गुदगुल्या झाल्या आणि गेनबा धडपडत उठून बसले.

"आगं ए सारजे! हे काय गं? मी काय कांद्याचं पोतं हाय व्हय?"

"हलू नका आबा, ओलं आहे! हा माझा अभ्यास आहे. हे बघा, हे यकृत. आणि ही प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी."

गेनबांनी मान वाकवून पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पाणथरी? हितं? खुळी का काय तू! मला हिवताप झाल्ता तवा पाणथरी सुजलीती ती ह्या अंगाला. दोन म्हैने ह्या कुशीवर झोपलो न्हाई." त्यांनी डाव्या बरगडीखाली हात ठेवला. तिथं सारजाचं यकृत चमकत होतं.

सारजाचा चेहरा पडला. "पुन्हा तेच! आबा, मला जमतच नाही. मी आपली मागं बसल्यासारखी..." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. आजोबांचे पाय, बैलगाडी, टर्म, सोमवार.

गेनबा उठले. पोटावर ओली शाई तशीच घेऊन ते तिला गोठ्यात घेऊन गेले.

"पाखऱ्या कुठल्या अंगाचा बैल?"

"उजव्या. हौश्या डाव्या."

"आता म्होरं ये. पेंड घालायला उभी ऱ्हातीस तशी ऱ्हा. पाखऱ्या कुठल्या हाताला आला?"

"डाव्या."

"मंग त्यो डाव्या अंगाचा झाला व्हय? उद्या डावीकडं जुंपून बघ, गाडी वढ्यात घालंल. आगं, उजवं त्याचं त्याच्यापाशी असतंय. तू कुठं उभी हायेस, त्याला काय करायचंय?"

सारजा पाखऱ्याकडे बघत राहिली. पाखऱ्या पेंडीच्या आशेनं सारजाकडे बघत राहिला.

"आबा, चला आत! पुन्हा निजा!"

"आता आनि काय?"

"बरोबर काढायचंय!"

आणि गेनबांच्या पोटावर दुसरं यकृत आलं, दुसरी पाणथरी आली, दुसरं अपेंडिक्स आलं. मग आंघोळीच्या वेळी कळलं की ही शाई पोत्यावर पावसाळाभर टिकते. राखेनं घासलं, शिकेकाईनं घासलं. पोट तेवढं लाल झालं, यकृतं हलली नाहीत.

शनिवारी बाजारात ऊन चढलं. पोती उतरवताना गेनबांनी सवयीनं बंडी काढली आणि लिलाव थांबला.

"गेनबाऽ!" कांद्याचे व्यापारी हिंदुराव ओरडले. "तुमच्यावर पण मार्का? कुठल्या पेठेला पाठवायचं म्हणायचं?"

"तोलून तरी बघा राव!" दुसरा म्हणाला. "दोन पोत्यांचा ऐवज हाय!"

गेनबा लाजतील, तर ते गेनबा कसले! त्यांनी पोट आणखी पुढं काढलं. "हसा लेको. हे यकृत, जेवान पचवायला पित्त करतंय. ही पाणथरी. डावीकडचं यकृत चुकीचं हाय, तिकडं बघायचं न्हाई. पोरगी डाक्टर व्हायलीय, म्हनून फुकाट बघायला मिळतंय."

दुपारपर्यंत निम्म्या बाजाराला यकृताची बाजू पाठ झाली होती.

सोमवारी सोनवलकर सरांनी सारजाला मुद्दाम आजोबांच्या पायाशी उभं केलं. सारजानं मनातल्या मनात नमस्कार केला.

"यकृत?"

"आजोबांच्या उजवीकडे, सर. माझ्या डाव्या हाताला."

"हं. डोक्याशी या. आता?"

"अजून आजोबांच्या उजवीकडेच. माझ्या उजव्या हाताला आलं."

"मोठं आतडं ओटीपोटात कुठल्या बाजूनं उतरतं?"

"डाव्या."

सरांनी टोपलीतून कमरेचं एक सुटं हाड उचलून तिच्या हातात दिलं. "कुठल्या बाजूचं?" हीच त्यांची जुनी खोडी. भल्याभल्यांची इथं दांडी उडायची. सारजानं हाड फिरवलं. मांडीचं हाड बसतं ती वाटी बाहेर, ओटीपोटाखालचं जघनाचं टोक पुढं. मग सरळ आपल्याच कमरेला लावलं.

"उजव्या बाजूचं."

सर टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "नक्की? मला तर ते डावीकडे दिसतंय."

"कारण तुम्ही पेंड घालायला उभे आहात, सर."

सारजानं जीभ चावली, पण सुटलेला शब्द कुठला परत यायला! मग तिनं पाखऱ्या सांगितला, हौश्या सांगितला, सांगता सांगता गेनबांचं पोटही सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला. हसू दाबता दाबता त्यांच्या खांद्यांना हिसके बसत होते.

"टर्म भरली," ते कसेबसे म्हणाले. "आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा."

पुढच्या शनिवारी एस.टी. थांब्यावर गेनबा वाट बघत उभे होते. सारजा उतरायच्या आधीच त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "भरली?"

"भरली!"

घरी आल्यावर कुशाआत्यानं गुलाबी फुलांच्या कपबश्या खाली काढल्या आणि त्यांत सगळ्यांना चहा दिला. "आता कपाटात ठिवून काय त्यांची पूजा करायची हाय?" ती फणकारली, पण सारजाच्या चहात साखर तिनं जरा जास्तच घातली.

चहा झाल्यावर गेनबांनी बंडी काढली आणि रॉकेलचा बोळा लेकीपुढं धरला.

"घे, पूस ते डावीकडचं. लोक चुकीचं शिकत्यात."

"आणि उजवीकडचं?"

"ते ऱ्हाऊ दे," गेनबा म्हणाले. "ते बरोबर हाय."