पहिल्या कॅपवरचा नऊ

उलट्या टांगलेल्या इंजिन ब्लॉकवरचं काळं तेल लिमने फडक्याने घासून पुसलं आणि टॉर्च मारला.

“नाइन,” तो वाचू लागला. “देन टू, थ्री, एट, फोर. सॉरी अंकल, नॉट धिस वन लाह.”

प्रमोदने स्टुलावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं.

लिम स्वतःच्या वडिलांच्या जुन्या मस्टँग गाडीचं मूळ इंजिन शोधत होता. मधल्या काळात कुणीतरी ते बदललं होतं. भंगारात मिळालेल्या या ब्लॉकवरचं साल जुळत होतं, पण त्या सालचे ब्लॉक ढिगाने निघाले असणार. ते मूळ इंजिन पूर्वी उघडलेला एकच माणूस आता हयात होता: प्रमोदचे वडील दादाराव, जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, “शहात्तर साली मीच खोललं होतं ते. क्रँकशाफ्ट धरणाऱ्या पाच कॅप परत जागच्या जागी बसाव्यात म्हणून छिन्नीने एक ते पाच आकडे कोरलेत. बघा जाऊन.”

प्रमोदला इंजिनाशी काही घेणंदेणं नव्हतं. अलीकडे बाबा सेंगकांग भागातल्या आपल्याच फ्लॅटचा मजला चुकायचे, जेवून उठले की पुन्हा जेवण मागायचे. जुनं पक्कं आठवतंय ना, एवढ्या एका आशेवर घर चाललं होतं. आता तेही गेलं म्हणायचं.

मोतीबिंदूमुळे दादारावांना त्या बारीक खुणा दिसत नव्हत्या. ते स्टुलावरूनच पुटपुटले, “नसतील मग. मलाच वाटलं असेल.”

एवढा खणखणीत माणूस एवढासा झाला. प्रमोदला ते बघवेना. तोंड लपवायलाच म्हणून तो ब्लॉकवर वाकला आणि खुणांवरून बोट फिरवू लागला. पहिला नऊच. चौथा आठ, पण वरून उघडा. शेवटचा चार काही केल्या बोटाला चारसारखा लागेना. त्याने तो पुन्हा गिरवला, आणि त्याचं बोट थबकलं.

“बाबा, हे मराठीत आहेत!”

“मग कशात असणार?” दादाराव चकित झाले. “आकडे ते आकडे.”

“एक, दोन, तीन, चार, पाच!” प्रमोद बालवाडीतल्या पोरासारखा मोठ्याने म्हणाला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

त्याने समजावून सांगितल्यावर लिमने टॉर्च विझवला आणि ब्लॉकवर तळहात टेकवला.

प्रमोद बाबांपाशी येऊन खाली बसला. “मीसुद्धा नऊच वाचला हो. मराठी एक ओळखता आला नाही मला.”

दादारावांनी त्याचा तेलकट हात आपल्या हातात घेतला.

“असू दे रे,” ते म्हणाले. “वय झालं की होतं असं कधीकधी.”