रिकामं न परतणारं घमेलं

झूराने सहावं पिल्लू खड्ड्यात टाकलं आणि फावड्याने वर राख ओढली. कुंपणापलीकडे तिच्या धाकट्या जावेची, बातमाची, वीसच्या वीस पिल्लं दाण्यावर तुटून पडली होती. वसंतात सासूने दोघींना सारखीच पिल्लं वाटली होती. जिची जास्त जगतील, तिच्या हाती शरदात सगळं खुराडं जाणार होतं.

"बातमाची बघ, कशी गुबगुबीत झालीत," सासू म्हणाली. "तू काय, पिल्लांनाही टोमणे मारतेस?"

"तिच्या हाताला गुण आहे, आई. माझ्याकडे नुसता नवरा आहे."

तिचा नवरा तुरात हा गावातल्या मेजवान्यांना मेंढ्या कापायचा. कोथळ्यातला अर्धवट पचलेला चारा ओढ्याकाठी फेकून द्यायचा. महिन्यापूर्वी बातमाने तो मागितला होता, आणि न्यायला झूराचंच निळं घमेलं. घमेलं देऊन झूरा दिवसभर हसली होती.

दुपारी बातमा ते परत घेऊन आली. वर फडकं होतं. उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत, तेव्हा कणकेचे तळलेले बोरसोक असणार, असं झूराला वाटलं. फडक्याखाली हिरवट भुकटी निघाली.

"हे काय?"

"तुमच्याच ओढ्यावरचं, ताई. उकळलं, आठवडाभर उन्हात वाळवलं, दळलं. मक्याच्या भरड्यात मूठभर घाला."

"माझीच घाण मला वाढतेस?"

"तुम्हाला नाही, पिल्लांना. तुम्हाला बोरसोक उद्या आणते."

ती वळताच झूराने घमेलं अंगणात उपडं केलं. पिल्लं धावली. सकाळपासून मान टाकून बसलेलंसुद्धा उठून टोचू लागलं. हुसकायला उचललेला झूराचा हात तसाच राहिला. मग ती खाली बसली आणि पसरलेली भुकटी त्यांच्यापुढे सारू लागली.

तिने घमेलं घासून ठेवलं. आता बातमाकडे उलट पाठवायचं, तर तेही रिकामं जाऊ शकत नव्हतं. फडताळातले सुके जर्दाळू तिने काढले, पाहिले, परत ठेवले.

सकाळी तुरात सुरे घेऊन निघाला, तेव्हा तिने त्याच्या हाती बादली दिली आणि घमेलंही.

"कोथळ्यातलं ओढ्यावर टाकू नका. यात आणा."

"दोन्हीत?"

"घमेल्यातलं बातमाला. आधी बादली भरा."

तो फाटकाशी पोचला, तेव्हा तिने मागून हाक मारली.

"घमेलंही भरूनच आणा."