साखराबाईंचे तीन किलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात, कॅन्सर वॉर्डच्या दाराशी माझी जागा. वीस वर्षे डॉक्टर माझ्याकडे पाहूनच म्हणायचे, "वजन टिकलंय. हा पेशंट सावरेल."

मग संगणक आला. अन्ननलिकेच्या कॅन्सरची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, तर रुग्ण किती दिवसांत घरी जाईल, हे तो आधीच सांगायचा. वय, वजन, श्वासाची ताकद भरली की पडद्यावर आकडा उमटे. सगळे त्याच्याभोवती जमत. त्याला मऊ कापडाने पुसत. माझ्यावर मात्र पिशव्या ठेवत. वजन मी सांगायचे आणि शाबासकी त्याने घ्यायची! मी आतल्या आत जळायचो.

एकदा माझी स्प्रिंग बिघडली. माझ्यावर कुणी नसतानाही काटा तीन किलोवर थांबू लागला. खरे सांगतो, मला आनंद झाला. आता तो संगणक चुकेल, सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल!

त्याच दिवशी साखराबाई आल्या. माजलगावकडच्या, ऊसतोड करणाऱ्या. त्यांना भाकरी गिळता येत नव्हती, दूधही अडकायचे. पंधरा दिवसांपूर्वी त्या त्रेचाळीस किलो होत्या. आज मी चव्वेचाळीस दाखवले. संगणक म्हणाला, नऊ दिवसांत घरी. डॉक्टर रोहिणींनी दुसऱ्याच दिवशीची शस्त्रक्रिया ठरवली.

साखराबाई सिस्टर मनिषांना म्हणाल्या, "लुगडं कमरंवर टिकंना, अन् वजन वाढलं म्हनता? आसं कावून?"

"परत उभ्या राहा बघू, मावशी."

माझ्यावर त्यांचे पाय लटलट कापत होते. तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्या उतरल्या, तरी काटा तीनवरच.

"अगं बाई! मॅडम, काटाच खोटा आहे. मावशी एक्केचाळीसच आहेत!"

खरे वजन भरताच संगणकाने धोका दाखवला: फुप्फुसात संसर्ग होईल, सावरायला महिना लागेल. रोहिणी म्हणाल्या, "तीन आठवडे थांबू. नळीतून खुराक, श्वासाचे व्यायाम, रोज चालणं. मगच ऑपरेशन."

मला दुरुस्त केले. साखराबाई चव्वेचाळीस झाल्या, या वेळी खऱ्याखुऱ्या. शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी त्या पातळ पेज पिऊन घरी निघाल्या. जाताना त्यांनी हात जोडले, तेही संगणकाला!

मी अजूनही जळतो, मित्रांनो. पण तुम्ही आम्हा जुन्या वस्तूंना रोज तपासत जा. आमचे बिघडलेले आम्ही सांगत नाही, आणि आमच्यावर माणूस उभा असतो.