कौतिकचे पारणे

बेबाबाईने गोठ्यातल्या कडब्याच्या पेंढ्या एकेक करून बाजूला काढल्या आणि तळाशी हात घातला. हाताला काही लागले नाही. गव्हाण, बैलांच्या झुली ठेवायचा कोनाडा, माळ्यावरची जुनी मोट, सगळे पाहून झाले होते. आठ दिवसांत तिसऱ्यांदा. बाटली कुठेच नव्हती.

"बेबाबाई, कौतिक कोठे शे?"

दारात जीवरामआबा उभे होते. पांझरेकाठच्या या गावात विठ्ठलाच्या देवळातले भजन तेच चालवत, आणि गावातल्या माळकऱ्यांना त्यांचा शब्द शेवटचा वाटे. बेबाबाईने पदर डोक्यावर सारखा केला.

"वावरमा गयात, आबा."

"मी वावरमाइनच ई ऱ्हायनू. तठे नही." आबा ओट्यावर टेकले. "काल भजनमा काय व्हयनं, तुन्हा कानवर उनं व्हई."

आले होते. अभंग म्हणता म्हणता तिच्या नवऱ्याची, कौतिकची, जीभ जड झाली, एकच ओळ त्याने चारदा म्हटली आणि उठताना तो मृदंगावर कोसळला. टाळकरी तोताराम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आबा, देवले वास येस का, ते एकदाव इचारा."

"तूच सांग," आबा म्हणाले. "पेस का तो?"

"मी कधी देखं नही."

"देखं नही, का पेत नही?"

बेबाबाईने एक पेंढी उचलून जागेवर ठेवली.

"माळ घालीसन दारू पेनारा माले चालाव नही," आबा सावकाश म्हणाले. "पन न पेनाराना गळामातली माळ मी काढी लिधी, ते माले देव सोडाव नही. परवा एकादशी शे. सकायमा त्याले देऊळमा बसाडूत, बारसले सकायमा उठाडूत. पानी मन्हा हातनं. घरनं कोनी येवाव नही, तू बी नही. दिवस-रात गयी तरी उतरस नही, अशी दारू अजून कोनी गाळी नही."

कौतिक संध्याकाळी आला. त्याच्या खांद्यावर चुकून उचललेला शेजाऱ्याचा दोर होता, स्वतःचा शेतातच राहिला होता. एकादशीचे ऐकून तो हसला.

"बससू. उपास ते शेच. तोतारामले सांग, मन्हा जोडे बस. बसी बसी वास ले."

ही गोष्ट १९३८ सालची. कौतिक तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. १९२० ते १९३१ ही अकरा वर्षे त्याने जळगावात मगनशेठच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात काढली. हजेरीपटावर तो फिटर होता, पण जिनाचे एकही चाक त्याने कधी खोलले नव्हते. पावसाळ्यात जिन बंद असे, आणि त्याच चार महिन्यांत मगनशेठचा फुटबॉलचा संघ खेळे. कौतिक, सुकदेव आणि वना हे तिघे डोक्याने चेंडू मारणारे. मगनशेठ सकाळी मैदानावर खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाकडून शंभर हेड मोजून घेत. चेंडू जाड कातड्याचा, वरून वादीने शिवलेला. पावसात भिजला की दगडासारखा होई. वादीचा वळ कौतिकच्या कपाळावर चार-चार दिवस दिसे. डोके ठणकले की तो कांदा फोडून हुंगे आणि पुन्हा मैदानात उतरे.

१९२७ साली धुळ्याच्या सामन्यात उडी घेताना त्याचे डोके गोलच्या खांबावर आपटले. पाव तास तो चिखलात पडून होता. तोंडावर पाणी मारून त्याला उभे केले, तेव्हा त्याने विचारले, आपण कोणत्या गावात आहोत? मग तो खेळला आणि डोक्यानेच गोल केला. जळगावच्या स्टेशनापासून कारखान्यापर्यंत त्याला खांद्यावरून मिरवत नेले. तो गोल त्याला कधीच आठवला नाही. लोकांनी सांगितला तेवढाच त्याला ठाऊक.

गावी परतल्यावर त्याने माळ घातली. पहिली चार वर्षे बरी गेली. मग हात थरथरू लागला, उजवा पाय फरफटू लागला. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या माणसाने एकदा ताट भिरकावले आणि तासाभराने विचारले, हे कोणी सांडले? बेबाबाईने त्याला बैलगाडीत घालून धुळ्याला डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने आधी तोंडाचा वास घेतला, मग विचारले, "किती वर्षं पितो?"

तेव्हापासून बेबाबाई बाटली शोधत होती.

एकादशीला पहाटे आबांनी कौतिकला नेले. दुपारी बेबाबाईच्या ओट्यावर लीलाधर आला. मगनशेठच्या संघाचा तो गोलकीपर. आता चाळीसगावच्या बाजारात मिरचीचे दुकान चालवत होता. बेबाबाईनेच गाडीवानाबरोबर त्याला निरोप धाडला होता. त्याने पाणी घेतले, सगळे ऐकले आणि तांब्या खाली ठेवला.

"वहिनी, सुकदेव गये साली गया. तुमले माहीत शे का?"

"नही."

"मरानं आधी तीन वरीस त्यालेबी असंच. चालता चालता तोल जाये. घरनासले वळखे नही. लोके म्हनेत, पेस. वना पहूरले शे, बहीणकडे. त्याले आते घास भरावना पडस." लीलाधरने आपले दोन्ही तळवे पुढे केले. बोटे वाकडी झालेली, एका अंगठ्याचे नख नव्हते. "मी हातवर झेलू. मन्हा हात गयात. त्या तिन्ही डोकावर झेलेत."

"म्हंजे त्या पेतस नही?"

"नही, वहिनी. कौतिक पेस नही. मी आतेच देऊळमा जाईसन सांगस."

"मंग त्यासले बरं कसं व्हई?"

लीलाधरने तळवे मागे घेतले.

"लीलाधरभाऊ," बेबाबाई म्हणाली, "आज काही सांगू नका. सकायलोंग थांबा."

"कसाले? तो बिचारा तठे चोरना मायेक बसेल शे!"

"माले माहीत शे." ती जमिनीकडे बघत होती. "पेत व्हतीन ते सोडतीन. मी पाय धरसू, शपथ घालसू, माळ जाई ते जावो. लोके हसतीन, हसोत. दारू सुटस, भाऊ. सुटेल मानसे मी देखेल शेतस. सकायलोंग माले तेवढी आस ऱ्हाऊ द्या."

लीलाधरने पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. मिरचीच्या दुकानात आज कोण बसले आहे, हे विचारायचे बेबाबाईला सुचले नाही.

द्वादशीला सूर्य वर येता येता देवळापुढे गाव जमले. बेबाबाई पायरीखाली उभी राहिली, बाजूला लीलाधर. तोताराम रात्रभर कौतिकच्या शेजारी बसला होता. कौतिकने हसत सांगितले होते तसा चार वेळा त्याने तोंडाचा वास घेतला होता. त्याचे डोळे लाल होते.

"ऊठ, कौतिक," आबा म्हणाले. "त्या खांबलोंग जाय आनि फिरी ये."

कौतिक उठला. पहिली तीन पावले सरळ पडली. बेबाबाईने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. चौथ्या पावलाला उजवा पाय मागे राहिला, अंग डावीकडे गेले आणि त्याने खांबाला मिठी मारली. मागे कोणीतरी हसू दाबले. तोतारामने वळून पाहिले तसे ते थांबले.

"आते हरिपाठ म्हन."

कौतिकने हात जोडले. दोन ओळी नीट म्हटल्या. मग थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्या वेळी आबांनी त्याच्या जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, बेटा."

मग ते गावाकडे वळले. "एक दिवस, एक रात. मी डोळाले डोळा लावा नही. हाऊ मानूस पेस नही. देवसमोर सांगस, पेस नही."

तोताराम पुढे आला. त्याने वाकून कौतिकच्या पायाला हात लावला. कौतिक गोंधळला.

"अरे, मी काय बुवा शे का? ऊठ, नहीते मी तुन्हा आंगवर पडसू."

सगळे मोकळे हसले. पत्रावळी मांडल्या गेल्या. पारण्याला वरण-बट्टी होती. पहिल्या पंगतीत पहिला मान आबांनी कौतिकला दिला. त्याच्या थरथरत्या हातातून वरण सांडत होते. शेजारी बसलेला तोताराम आपली बट्टी न मोडता त्याची मोडून देत होता.

आबा पायरी उतरून बेबाबाईजवळ आले. "बेबाबाई, तुन्ही इज्जत ऱ्हायनी वं."

"हा, आबा."

"मंग अशी काय उभी?"

ती मान हलवून तशीच उभी राहिली. आबांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा लीलाधरकडे. लीलाधर दुसरीकडे बघत होता. आबा शहाणे होते. दारू असती तर सुटली असती, हे दुखणे सुटणारे नाही, हे त्यांना कळले, आणि त्यांनी प्रसादाचा टोप तिच्या हातात दिला.

पंगत उठली. देवळापासून घर दोनशे पावलांवर. त्या गावात बायको नवऱ्यामागून चाले, मध्ये चार हात अंतर ठेवून. बेबाबाईही तशीच निघाली, एका हातात आबांनी दिलेला प्रसादाचा टोप. तेल्याच्या घराशी कौतिकचा तोल गेला. ती झटकन पुढे झाली आणि तिने त्याचे मनगट धरले. मग मनगट सोडून हात हातात घेतला. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बाया उभ्या होत्या. तिचा पदर डोक्यावरून खाली आला. तो सावरायला हात मोकळा नव्हता.

"बेबा, लोके देखी ऱ्हायनात," कौतिक हळूच म्हणाला.

"देखू द्या."

त्याचा उजवा पाय पुढे येईपर्यंत ती थांबे आणि मग आपले पाऊल टाके.