मैनेचा पदर

पेपरात आपलाच फोटो छापून यावा आणि खाली नाव मात्र कुण्या भलत्याच बाईचं असावं, हे भाग्य कवडूजी कळंबे सोडून दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही.

साल अठ्ठ्याहत्तर. कवडूजी त्रेसष्ट वर्षांचा, पांढऱ्या झुबकेदार मिशीचा. नरखेडकडच्या आपल्या गावच्या एसटी फाट्यावर चहा पीत बसला होता, मोसंबीचा बाग पाहायला येणाऱ्या व्यापाऱ्याची वाट बघत. बाकड्यावर कोणाचा तरी पेपर पडला होता. मधल्या पानावर एक नाचणारी होती. नऊवारी लुगडं, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेत जराशी वाकलेली, आणि पदराचं टोक ओठांवर असं धरलेलं की नाकाखालचं काहीच दिसू नये. खाली लिहिलं होतं : ‘मैनाबाई, खडी गंमतीतील नर्तकी. स्त्रीसुलभ लज्जेने पदर ओठांवर घेण्याची तिची ही अदा फार गाजली. सुमारे १९३६.’ नागपुरात सीताबर्डीवर जुन्या कलावंतांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्याची ती बातमी.

कवडूजी चौथीपर्यंत शिकलेला. ‘स्त्रीसुलभ’पाशी तो जरा अडखळला, पण ‘लज्जा’ त्याला बरोबर लागली, आणि त्याचं डोकं फिरलं. चहा अर्धा टाकून तो उठला. व्यापारी आला तसा परत गेला.

त्याला राग का आला ते सांगायला हवं. खडी गंमत म्हणजे डफ-ढोलकीच्या तालावर रात्र रात्र उभ्यानं चालणारा खेळ. त्यात बाई नावाला नसे. लुगडं नेसून नाचायचा तो पुरुषच, त्याला नाच्या म्हणत. कवडूजी सोळाव्या वर्षापासून नाच्या होता आणि फडातलं त्याचं नाव मैना. तेव्हा मैनाबाई म्हणून कोणी बाई जन्मालाच आली नव्हती, तर तिला लाज कुठून येणार?

त्या पदराची गोष्ट वेगळीच होती. कवडूचा बाप गणपतराव शकुन-अपशकुनाला फार मानणारा. तीन लेकरं जाऊन हे चौथं झालं, तेव्हा जगावं म्हणून त्यानं ते शेजारणीला एका कवडीला विकलं आणि परत मागून घेतलं. नाव कवडू ते त्यामुळे. पोरगा नाचतो याचा त्याला संताप होताच, पण पोराला मिसरूड फुटलं आणि फडातल्या लोकांनी वस्तरा काढला तेव्हा गणपतराव तिथं जाऊन उभा राहिला. आपल्याकडे बाप मेल्यावर मिशी उतरवतात. बाप जिता असताना उतरवली तर ती बापाला सरणावर ठेवल्यासारखीच.

‘‘नाचाचं त नाच,’’ बाप म्हणाला, ‘‘पण मिशीले हात लावला त घरात पाय ठेवू नको. अन् तठी फडात माहं नाव घेऊ नको.’’

झालं. नाच्या आणि त्याला मिशी. फडातले लोक म्हणाले, आता बस बैल राखत. कवडू बसला नाही. त्यानं पदर ओठांवर घेतला आणि तसाच नाचला. नुसत्या डोळ्यांनी गाणं म्हटल्यासारखा नाचला. काटोलपासून वरुडपर्यंत लोक वेडे झाले. पुढे बसलेले ओरडायचे, ‘‘पदर हटव वं मैना!’’ मैना हटवायची नाही. पार पहाटे, शेवटच्या गाण्याला, ती सावकाश पदर खाली घ्यायची आणि मिशीला पीळ द्यायची. मग जो हशा व्हायचा तो शिवेपलीकडच्या गावाला ऐकू जाई. दरवर्षी तेच लोक यायचे, सगळं ठाऊक असून यायचे, आणि तरी रात्रभर त्या पदराकडे बघत राहायचे. एवढी मोठी थट्टा एका माणसानं पंधरा वर्षं पेलली होती, आणि पेपरवाल्यांनी तिची दोन ओळींत लाज करून टाकली होती.

कवडूजीनं पेपर घरी आणून बायकोपुढे ठेवला. रुखमाबाईंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

‘‘हे लुगडं त माहं हाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘लुगड्याचं काय घेऊन बसली वं? नाव पाय ना खाली.’’

‘‘पायलं. म्हंजे माह्या लग्नाचं लुगडं आता या मैनाबाईचं झालं का?’’ त्या उठल्या. पेटीच्या तळातून त्यांनी फडक्यात बांधलेला एक पुठ्ठा काढला. लग्नाच्या वर्षी इतवारीतल्या ताराचंद फोटोवाल्यानं कवडूचे दोन फोटो घेतले होते. एक पदर ओठांवर असलेला, तो त्यानं दुकानात लावला. ताराचंद मेल्यावर त्याच्या फोटोंच्या काचा प्रदर्शनवाल्यांच्या हाती लागल्या असणार. दुसऱ्यात पदर खाली होता. तो रुखमाबाईंनी एक्केचाळीस वर्षं लुगड्यांखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं दोघं नागपूरला निघाली.

मुलगा चंद्रभान हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यानं तो पेपर आधीच पाहिला होता आणि गादीखाली सरकवून ठेवला होता. आई-बाप दारात दिसले तेव्हा तो काय ते समजला. त्याच्या मुलीचं, सुहासिनीचं, लग्न जुळत आलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील बापूजी इतवारीतले कापडाचे व्यापारी, सभेत पुढच्या खुर्चीवर बसणारे. त्याच प्रदर्शनाच्या समितीत त्यांचं नाव होतं.

‘‘बाबा, लोक मैनाबाई म्हणून राहिले त म्हणू द्या ना,’’ चंद्रभान रात्री जेवताना म्हणाला. ‘‘कोणाचं काय गेलं?’’

‘‘माहं गेलं.’’

‘‘पोरीले नाच्याची नात म्हणतीन.’’

‘‘मंग? खोटं म्हणतीन का?’’

चंद्रभाननं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘‘तुमाले टाळ्या भेटल्या बाबा. मले शाळेत काय भेटलं ते तुमी कधी पुसलं नाई. रोज सुट्टीत पोट्टे मांगं लागत. पदर हटव वं मैना, पदर हटव वं मैना. चौथीत असताना एक दिवस मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो होतो.’’

हे कवडूजीला माहीत नव्हतं. त्याचा घास हातातच राहिला. त्याच साली गणपतराव वारला होता, कवडूनं रीतीप्रमाणे मिशी उतरवली होती, आणि ती पुन्हा वाढली तरी तो फडात परत गेला नव्हता. मिशी राख म्हणणारा बाप गेल्यावर ती लपवण्यात काही राम उरला नव्हता. पोरगा तेव्हा खूश का दिसायचा, ते त्याला आज कळलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून स्वतःचं नाव टाकून द्यायचं, हे त्याच्या हिशेबात बसेना.

‘‘चंद्रभान,’’ तो म्हणाला, ‘‘मी पुसाले पायजे होतं गा. चुकलं माहं. पण उद्या मी जाईन. तुले याचं नसन त येऊ नको.’’

सकाळी कवडूजी आणि रुखमाबाई सायकल रिक्षानं सीताबर्डीवर गेली. सभागृहात गर्दी बेताची होती. भिंतीवर शाहीर होते, ढोलकीवाले होते, दंडारीच्या खेळातले सोंगाडे होते, आणि मधोमध, सगळ्यांत मोठी करून लावलेली, मैनाबाई. तिच्यासमोर प्रदर्शन भरवणारे प्राध्यापक वामनराव चार-पाच लोकांना काही समजावून सांगत होते.

‘‘साहेब, हे नाव चुकलं,’’ कवडूजी म्हणाला.

‘‘तुम्ही ओळखत होता मैनाबाईंना?’’ वामनराव एकदम पुढे आले. माणूस मनाचा वाईट नव्हता. ‘‘कोण होत्या तुमच्या? बहीण?’’

‘‘मीच मैना.’’

लोक हसले. वामनराव हसले नाहीत, पण त्यांचा आवाज शाळेतल्या मुलाशी बोलावं तसा मऊ झाला. ‘‘बाबा, गंमतीत पुरुष नाचत हे मला ठाऊक आहे. पण म्हणूनच हा फोटो मोलाचा आहे. ही लज्जा बघा. असा पदर पुरुषाला धरताच येणार नाही.’’

‘‘लाज नाई साहेब ते,’’ कवडूजी म्हणाला. ‘‘मिशी होती. बाप जिता होता माहा.’’

आणि त्यानं गळ्यातला दुपट्टा उचलून टोक ओठांवर धरलं. कमरेत जरासा वाकला. गुडघ्यानं कुरकुर केली, तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. मान अर्धी वळवून त्यानं समोरच्या माणसांवरून एकदा नजर फिरवली, चाळीस वर्षांपूर्वी शेताच्या बांधापर्यंत बसलेल्या लोकांवरून फिरवायचा तशी. हसणारे हसायचे थांबले. भिंतीवर जे डोळे होते तेच खाली, सुरकुत्यांत, त्यांच्याकडे बघत होते.

रुखमाबाईंनी फडकं सोडून पुठ्ठा टेबलावर ठेवला. तेच लुगडं, त्याच बांगड्या, तोच ताराचंदचा रंगवलेला पडदा. पदर तेवढा खाली, आणि मैना एका हातानं मिशी पिळत होती. ‘‘लुगडं माहं हाय,’’ त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

वामनरावांचे कान लाल झाले. त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. मग भिंतीवरची चिठ्ठी स्वतःच्या हातानं फाडली आणि कोरा कागद घेतला. ‘‘माझी चूक झाली. प्रदर्शनाच्या पुस्तकातही ही दुरुस्ती चिकटवू. पूर्ण नाव सांगा.’’

पूर्ण नाव म्हटलं की मधे बाप येतो. कवडूजी घुटमळला. ‘तठी फडात माहं नाव घेऊ नको,’ म्हणालेला बाप त्याच्या पंधरा वर्षांच्या नाचात आड आला नव्हता, तो आता आला. पण तो मिशीवर अडून बसला नसता तर हा पदरही नसता, आणि ही भिंतही नसती.

‘‘लिवा,’’ कवडूजी म्हणाला. ‘‘कवडू गणपतराव कळंबे. बापाचं नाव नीट लिवा. अर्धा खेळ त्याचा हाय.’’

वामनरावांनी नवी चिठ्ठी लिहून भिंतीवर लावली, तोच मागून खाकरण्याचा आवाज आला. बापूजी उभे होते, पांढऱ्या टोपीत. आणि त्यांच्या मागे दारापाशी कारखान्याच्या खाकी कपड्यांत चंद्रभान. तो किती वेळचा आला होता कोण जाणे. बापूजींनी भिंतीवरची नवी चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि चंद्रभानकडे वळले.

‘‘तुमचं नाव चंद्रभान कवडूजी कळंबे ना?’’

कवडूजीनं मान खाली घातली नाही, पण मुलाकडेही बघितलं नाही. विहिरीच्या काठावर बसलेला तो चौथीतला पोरगा त्याला सारखा दिसत होता.

‘‘हो,’’ चंद्रभान म्हणाला. ‘‘माहे वडील हायत हे.’’

‘‘अस्सं,’’ बापूजी म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली. ‘‘मग पाहू आपण. लग्नाचं पाहू.’’ लग्नाच्या बोलण्यात ‘पाहू’चा अर्थ काय असतो, तो तिथल्या सगळ्यांना माहीत होता.

‘‘पाहा ना,’’ चंद्रभान म्हणाला. ‘‘फोटो रविवारपर्यंत अठीच हाय.’’

बापूजी गेले. कवडूजीचे ओठ थरथरायला लागले, म्हणून त्यानं दुपट्टा तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळला. चंद्रभान जवळ आला. त्यानं वरच्या फोटोकडे पाहिलं, मग टेबलावरच्या, मग बापाकडे.

‘‘पदर हटवा, बाबा,’’ तो म्हणाला.

कवडूजीनं दुपट्टा सावकाश खाली घेतला आणि मिशीला पीळ दिला.