दोनदा धुतलेल्या शिश्या

“काकू, साधं पाणीसुद्धा चमकून राह्यलं,” समीक्षा म्हणाली आणि रडायलाच लागली.

आमचे हे तिच्या मागे दारातच उभे. चपलाही काढल्या नाहीत. तेव्हाच समजलं, यांनीच काहीतरी घोळ घातलाय.

समीक्षा वर्ध्याच्या कॉलेजात संशोधन करते. माझे हात कापतात ना, त्या आजारात मेंदूतल्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात म्हणे, बेसनात होतात तशा. तिने डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तयार केलेत. ते गुठळीला चिकटले की एका खास दिव्याखाली उजळतात. हात कापायच्या आधीच आजार कळावा, यासाठी हा खटाटोप. हे त्याच प्रयोगशाळेत परिचर. एकतीस वर्षं काचेची भांडी धुताहेत. यांच्या भरवशावरच मी तिच्या प्रयोगासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढू दिलं. नंतर चार दिवस उशीवरून डोकं उचलवलं नाही. पुन्हा सुईचं नाव काढायचं नाही, असं तेव्हाच बजावलं होतं.

“म्हंजे माह्यं पाणी वाया गेलं?”

“सगळं, काकू. शिश्यांत कपडे धुवायची पावडर राह्यलती. कपडे पांढरे दिसावे म्हणून तिच्यात जे टाकतात, तेच दिव्याखाली चमकलं. म्हणून गुठळ्या नसलेलं साधं पाणीसुद्धा उजळलं.”

“अन् पावडर कोणं लावली?”

हे खाली बघत राहिले. माझा पारा चढला.

“अहो, काचेले साबण लावाचा नाई म्हणून जिंदगीभर मलेच शिकवलं! अन् माह्याच वक्ताले अक्कल कुठी गेलती? काऊन केलं असं?”

“तुह्यं पाणी भराचं होतं त्यात,” हे पुटपुटले. “मले वाटलं, रोजच्यापेक्षा साफ पाह्यजे. दोनदा धुतल्या.”

आता काय बोलायचं या माणसाला! कपाळावर हात मारायचा म्हटलं, तर हात जागेवर थांबत नाही.

समीक्षाने डोळे पुसले. “काकू, तुमाले पुन्हा म्हणायची माझी हिंमत नाई. डॉक्टर म्हणाले, तुमची मर्जी असली तरच.”

राग तर इतका आला होता की दोघांना हाकलून द्यावं. पण पोरीची दोन वर्षं त्यात गेली होती.

“येईन,” मी म्हणाले. “एक डाव.”

तिने माझा हात धरला. मग यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, “काका, या वेळी शिश्या मीच धुते. तुम्ही हात नका लावू.”

यांनी नुसती मान हलवली. मार्चमध्ये निवृत्त व्हायचे आहेत. एकतीस वर्षांत यांनी धुतलेली एक शिशी कोणी परत केली नव्हती. भांडले असते तरी मला बरं वाटलं असतं.

“शिश्या हेच धुतील,” मी म्हणाले. “नाईतर मी येत नाई.”

“पण काकू...”

“तू बाजूले उभी राहून पाह्यजो. धुतील तर हेच.”

मग हे समीक्षाकडे वळले.

“सोमवारी किती वाजता येऊ, मॅडम?”

एरवी आमच्या घरात हे तिला बेटा म्हणतात.